अपवादाने नियम सिद्ध होतो, पण कोणत्या अपवादाने?

इंग्रजीतून आलेल्या काही उक्तींनी मराठीत इतका दीर्घ मुक्काम केला आहे की, त्या मूळच्या आपल्या नव्हेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ या उक्तीचे मराठी रूप, ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’, हे त्यांपैकी एक. ते वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत येते, व्याख्यानांत येते आणि लोकल गाडीत चौथ्या सीटवर अर्धवट टेकून वाद घालणाऱ्यांच्या तोंडीही येते. वादात ते बहुधा एकाच जागी येते. एकाने म्हणावे की, सरकारी कचेरीत कोणाचेच काम वेळेवर होत नाही; दुसऱ्याने म्हणावे की, माझा दाखला तर दोन दिवसांत मिळाला; आणि पहिल्याने जराही न डगमगता उत्तर द्यावे, ‘‘अहो, अपवादानेच नियम सिद्ध होतो!’’ येथे वाद संपतो, कारण ज्या पुराव्याने पहिल्याचे म्हणणे खोटे पडायला हवे होते तोच पुरावा त्याने स्वतःच्या बाजूला उभा केलेला असतो. या रीतीने वापरलेली उक्ती हाताशी असली, तर जगातील कोणतेही विधान कधीही हरणार नाही. उदाहरणे जुळली तर नियम खरा आणि नाही जुळली तर अधिकच खरा.

ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ दस्तऐवजांचे मसुदे करण्यात माझा दिवस जातो. ‘परंतु’, ‘वगळता’, ‘खेरीजकरून’ या शब्दांशी रोजची गाठ पडत असल्यामुळे या उक्तीचा असा वापर मला सहन होत नाही. ती मुळात मूर्खपणाची नाही. तिच्यात एक नेमका आणि उपयोगी तर्क आहे, आणि तो तर्क ज्या प्रकारच्या अपवादाला लागू पडतो तो प्रकार वादात सांगितल्या जाणाऱ्या अपवादाहून पूर्णपणे वेगळा आहे. दोन दिवसांत मिळालेला दाखला हा घडलेला अपवाद आहे. उक्तीला अभिप्रेत आहे तो केलेला अपवाद, म्हणजे ज्याच्या हाती नियम आहे त्याने जाणूनबुजून, बोलून किंवा लिहून दिलेली सवलत.

केलेले अपवाद पाहायला लांब जावे लागत नाही. ठाणे शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळेत प्रवेश असतो. घोडबंदर रस्त्याकडे निघालेल्या ट्रकच्या चालकाला या वेळा सांगितल्या की, उरलेल्या वेळेत शहरात शिरायचे नाही हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. एखाद्या रस्त्यावर ‘सम तारखेस पार्किंग’ असा फलक असेल, तर विषम तारखेचे काय ते फलक न बोलता सांगतो. नेरूळहून ठाण्याला येताना ज्या लोकलमध्ये मी बसते तिच्या एका डब्यावर ‘महिलांसाठी २४ तास’ असे रंगवलेले असते. लोकलमध्ये पहिल्यांदाच चढणाऱ्या परगावच्या माणसालाही त्या ‘२४ तास’वरून एवढे कळावे की, महिलांचे काही डबे केवळ ठरावीक वेळेपुरते राखीव असणार. तसे नसते, तर तास लिहिण्याचा खटाटोप कोणी केला नसता. या प्रत्येक ठिकाणी सवलत किंवा विशेष तरतूद तेवढी लिहिलेली आहे, नियम लिहिलेला नाही. आणि तरीही नियम वाचता येतो. अपवादाने नियम सिद्ध होतो तो या अर्थाने.

आमच्या सोसायटीच्या एका वार्षिक सर्वसाधारण सभेत याच तर्काची फार चांगली परीक्षा झाली. फाटकाजवळ एक फलक होता: ‘पाहुण्यांची चारचाकी वाहने रविवारी सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत आवारात उभी करता येतील.’ एका सभासदाच्या मेहुण्याची गाडी गुरुवारी पहारेकऱ्याने बाहेरच अडवली होती, आणि ते सभासद सचिवांना विचारत होते की, गुरुवारी मनाई आहे असे कोठे लिहिले आहे ते दाखवा. सचिवांनी उपविधींची पुस्तिका चाळली, जुने ठराव चाळले. मनाई कोठेही सापडेना. तेव्हा मागच्या रांगेतून बी विंगमधले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘‘मनाई नसती तर रविवारची परवानगी कशाला द्यावी लागली असती?’’ त्या सभासदाने हसून विचारले, ‘‘काका, तुम्ही वकिली करत होता का?’’ काका म्हणाले, ‘‘नाही रे, मी रेल्वेत होतो. तिथे परवानगीचा कागद हातात आला की मनाई कशाला आहे ते आपोआप कळतं.’’ सभेने गाडीचा निर्णय काय दिला हे येथे महत्त्वाचे नाही. मनाईचा एकही शब्द नसताना मनाई होती हे सर्वांनी मान्य केले, आणि तेही फक्त परवानगीच्या फलकावरून.

इंग्रजी भाषेच्या वापराविषयी हेन्री फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात या उक्तीच्या योग्य अर्थासाठी जवळजवळ असेच उदाहरण दिले आहे. सैनिकांना आज रात्री ११ वाजेपर्यंत बराकीबाहेर राहण्याची खास परवानगी आहे, एवढेच सांगितले, तर एरवी त्यांना त्याआधी परतावे लागते हा नियम त्यातून निष्पन्न होतो. फाउलर यांनी या उक्तीचे मूळ अर्थापासून घसरत गेलेले निरनिराळे वापर तेथे वेगवेगळे करून दाखवले, आणि तरीही पुढच्या शंभर वर्षांत लोकांनी त्यांतले सगळ्यांत घसरलेले वापरच अधिक आवडीने चालवले.

या तर्काचे सर्वांत प्रसिद्ध जुने रूप रोमच्या न्यायालयातले आहे. इ. स. पूर्व ५६ मध्ये सिसेरो या रोमन वकील-वक्त्याने बाल्बस नावाच्या माणसाचा बचाव केला. बाल्बस हा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कादिझचा. पॉम्पी या रोमन सेनापतीने त्याला रोमचे नागरिकत्व दिले होते आणि ते बेकायदा आहे असा त्याच्यावर आरोप होता. सिसेरोने इतर जमातींशी झालेल्या तहांकडे बोट दाखवले. काही गॉल जमातींशी, हेल्वेटींशी आणि अशाच आणखी काहींशी झालेल्या तहांत असे कलम होते की, त्यांच्यापैकी कोणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये. सिसेरोचे म्हणणे असे की, ज्या तहात असा अपवाद घातला आहे तेथे नागरिकत्व देणे त्या अपवादामुळे निषिद्ध होत असेल, तर ज्या तहात तो घातलेला नाही तेथे ते देता येते असेच मानावे लागेल. आणि गादेसशी झालेल्या तहात तसे कलम नव्हते. बाल्बस सुटला, आणि इ. स. पूर्व ४० मध्ये तो रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी, झाला. परदेशात जन्मलेल्या माणसाला हे पद मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे या युक्तिवादाचे एक लॅटिन सूत्र बनले आणि सतराव्या शतकापर्यंत ते इंग्रज वकिलांच्या तोंडी रुळले. त्या सूत्राचे पूर्ण रूप मराठीत सांगायचे, तर ‘जी प्रकरणे अपवादात घातलेली नाहीत, त्यांच्यापुरता अपवाद नियमाला बळकटी देतो’ असे होईल. रोजच्या बोलण्यात येताना या सूत्राचा ‘जी प्रकरणे अपवादात घातलेली नाहीत’ हा भाग गळून पडला, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू झाला. त्या मर्यादेसह वाचले, तर सूत्रात कोडे काहीच नाही. मर्यादा काढून टाकली की, ‘विरुद्ध पुराव्याने विधान खरे ठरते’ असा चमत्कार उरतो, आणि चमत्कार बोलायला सोपा असतो.

रोमपेक्षा मला अधिक आनंद होतो तो हाच तर्क पाणिनीच्या व्याकरणावरील पतंजलीच्या महाभाष्यात अगदी आरंभीच्या पानांवर भेटतो याचा. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या या ग्रंथात प्रश्न असा आहे की, व्याकरणाने शुद्ध शब्द शिकवावेत, की अशुद्ध शब्द सांगावेत, की दोन्ही. उत्तर असे की, दोहोंपैकी एक सांगितले तरी पुरे. ‘पञ्च पञ्चनखा भक्ष्याः’, म्हणजे पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी पाच खाण्यास योग्य, असे म्हटले की, उरलेले अभक्ष्य आहेत हे कळतेच. (साळिंदर, घोरपड, ससा, कासव वगैरे ती यादी आहे, रामायणात वाली रामाला दोष देताना तिचाच आधार घेतो.) उलट, गावठी कोंबडा खाऊ नये, गावठी डुक्कर खाऊ नये असे म्हटले, तर रानातले चालते हे समजते. मग पतंजली हिशेब करतो की, ‘गौः’ हा शुद्ध शब्द एक, पण त्याची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी अपभ्रष्ट रूपे अनेक. तेव्हा थोडके तेच शिकवावे. सोसायटीचे फलक लिहिणाऱ्यांनीही नकळत हाच हिशेब केलेला असतो. आठवड्यातल्या सहा दिवसांची मनाई लिहिण्यापेक्षा एका रविवारची परवानगी लिहिणे कमी रंगात भागते.

महाभाष्यातच आणखी एक सुंदर दृष्टांत आहे, जो पुढे ‘तक्रकौंडिण्य न्याय’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ब्राह्मणांना दही द्यावे, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच आहे. तरी त्याला दही आणि वर ताक असे दोन्ही मिळत नाही, फक्त ताक मिळते, कारण विशेष आज्ञा सामान्य आज्ञेला तेवढ्या जागी बाजूला सारते. पाणिनीच्या व्याकरणाचा डोलारा सामान्य नियम, म्हणजे उत्सर्ग, आणि त्याचा अपवाद यांच्या या नात्यावर उभा आहे. पुढे स्वर आला की ‘इ’चा ‘य’ होतो हा नियम, म्हणून इति आणि आदि यांचे इत्यादी. पण पुढे सवर्ण, म्हणजे त्याच जातीचा, स्वर आला तर दोघे मिळून दीर्घ, म्हणून रवि आणि इंद्र यांचे रवींद्र. या दृष्टीने पाहिले, तर अपवाद नियमाचा शत्रू नसतो आणि साक्षीदारही आपोआप होत नाही. नियमाची हद्द कोठे संपते ते तो दाखवतो.

आता एक सावधगिरी. सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीतून न सांगितलेल्या गोष्टीची मनाई निघत नाही, आणि मराठीत हा फरक बरेचदा एका अक्षरावर अवलंबून असतो. ‘रविवारी पार्किंगला परवानगी’ आणि ‘रविवारीही पार्किंगला परवानगी’ या दोन फलकांतून नेमके उलटे नियम सिद्ध होतात. पहिल्यात एरवी मनाई आहे, दुसऱ्यात एरवी मोकळीक आहे. ‘रविवारीच’ म्हटले, तर अनुमानाची गरजच उरत नाही. मसुद्यात ‘ही’ किंवा ‘च’ गळला की पक्षकारांचे भांडण पुढच्या पिढीपर्यंत जाते, हे माझे व्यावसायिक मत आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीने ‘बिनअंड्याचा केक मिळेल’ अशी पाटी लावली म्हणून अंड्याचा केक तेथे बंद झाला असे कोणी समजत नाही, कारण ती पाटी सवलत देत नसते, माल सांगत असते. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली नववी दुरुस्ती घातली गेली ती याच भीतीने. घटनेत काही हक्कांची नावे घेतली आहेत, एवढ्यावरून लोकांचे इतर हक्क नाकारले गेले असे समजू नये, असे तिथे स्पष्ट लिहून ठेवले आहे. सिसेरोचा तर्क किती जोरकस आहे, हे त्याला रोखण्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली यावरूनच कळते.

आपल्याकडे तर एखाद्या तरतुदीला ‘अपवाद’ म्हणायचे की नाही यावरच सर्वोच्च न्यायालयात अनेक वर्षे विचार झाला. मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देणारे कलम १५(४) हे समतेच्या नियमाला केलेला अपवाद आहे अशा दृष्टीने १९६२ च्या बालाजी खटल्यात पाहिले गेले, आणि अपवादाने नियमच गिळून टाकू नये म्हणून राखीव जागा सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांहून कमी असाव्यात असे म्हटले गेले. १९७५ च्या थॉमस खटल्यात दृष्टी बदलली. नोकऱ्यांमधील आरक्षणाचे कलम १६(४) हे समान संधीच्या नियमाला छेद देत नाही, ते त्याच समान संधीचे एक अंग आहे, असा विचार पुढे आला आणि १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या बहुमताने तो स्वीकारला. मात्र ५० टक्क्यांची मर्यादा तशीच राहिली, आणि तिला असाधारण परिस्थितीचा अपवाद ठेवला गेला. महाराष्ट्रातल्या मराठा आरक्षणाच्या कायद्याचा २०२१ साली निकाल लागला, तेव्हाही ती असाधारण परिस्थिती येथे होती की नव्हती हाच एक मुख्य मुद्दा होता, आणि ती नव्हती असे न्यायालयाने ठरवले. त्या निकालाविषयी कोणाचे मत काहीही असो. केलेल्या अपवादाच्या शब्दांना किती वजन असते याचे याहून मोठे उदाहरण आपल्या राज्यात सापडणार नाही.

या उक्तीचे आणखी एक स्पष्टीकरण सध्या मोबाइलवर फिरत असते आणि ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर गुपित उघडल्याचा आनंद असतो. ते असे की, येथे ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे नसून कसोटी घेणे, आणि म्हणून अपवाद नियमाची परीक्षा पाहतो एवढाच मूळ अर्थ. इंग्रजी क्रियापदाला तो अर्थ होता हे खरे आहे, पण ज्या कायद्याच्या सूत्रातून ही उक्ती आली त्यात अपवाद नियमाची परीक्षा घेत नव्हता, त्याला पुष्टी देत होता. म्हणून उगम म्हणून हे स्पष्टीकरण मला पटत नाही. विज्ञानातल्या, म्हणजे घडलेल्या अपवादांच्या बाबतीत मात्र तेच शहाणपणाचे आहे, आणि त्याची उत्तम गोष्ट आकाशात आहे. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. नियम चुकला, की आणखी काही दडले आहे? ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने दुसरी शक्यता धरून गणित मांडले, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले या खगोलशास्त्रज्ञाने ल व्हेरिएने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून पाहिला. अपवादाचा उलगडा झाला आणि न्यूटनचा नियम अधिक भक्कम झाला. त्याच ल व्हेरिएने १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतला हट्टी फरक दाखवला आणि त्यामागेही अज्ञात ग्रह असावा असे सुचवले. त्या ग्रहाला व्हल्कन असे नावही मिळाले. ग्रह मात्र कधीच सापडला नाही. शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांताने सुटला, आणि या वेळी माघार नियमाला घ्यावी लागली. अपवाद दोन्ही वेळा सारखाच दिसत होता. तो नियम वाचवतो की बुडवतो हे त्याचे कारण शोधल्यावर ठरले, म्हणीने ठरले नाही.

मराठीने स्वतः घडवलेला या कुळातला प्रयोग म्हणजे ‘काही सन्माननीय अपवाद वगळता’. तर्काच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. अपवाद वेगळे काढले आहेत, आणि उरलेल्यांवर आरोप पूर्ण जोराने बसतो. गडकरी रंगायतनच्या व्यासपीठावरून एखाद्या वक्त्याने ‘काही सन्माननीय अपवाद वगळता आजचे लेखक वाचत नाहीत’ असे म्हणावे आणि पहिल्या रांगेतल्या सर्व लेखकांनी टाळ्या वाजवाव्यात, हे दृश्य कोणाला परके आहे? या प्रयोगाचे सामाजिक कौशल्य असे की, अपवादांची नावे कधीही सांगितली जात नाहीत. तेवढ्यामुळे तो सिसेरोच्या कसोटीला मात्र उतरत नाही, कारण तहात हेल्वेटींचे नाव होते आणि येथे जागा रिकामी आहे.

मला स्वतःला ही उक्ती सर्वांत उपयोगी वाटते ती सूचना वाचताना. महापालिकेची ‘शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहील’ ही सूचना ज्या वस्तीत लागते तेथे रोज पाणी येणे हा नियम आहे. ‘मंगळवारी व शुक्रवारी पाणी येईल’ असे जेथे लिहावे लागते तेथील नियम कोणी छापलेला नसला तरी तो कोणता ते स्पष्ट आहे. नव्याने उभ्या राहिलेल्या एखाद्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटात ‘आज टँकर येणार नाही’ असा निरोप आला, तर तेथे घर घेऊ पाहणाऱ्याने बिल्डरच्या माहितीपत्रकापेक्षा त्या निरोपावर अधिक विश्वास ठेवावा. घर पाहायला जाणाऱ्यांना मी आताशा सांगते की, सॅम्पल फ्लॅट पाहून झाला की लिफ्टजवळचा सूचनाफलक वाचा, आणि प्रत्येक सवलतीपुढे ‘म्हणजे एरवी?’ असे मनात विचारा.

आणि लोकलमधल्या त्या वादात काय करावे? समोरच्याने दोन दिवसांत मिळालेल्या दाखल्याला अपवाद म्हटले, तर हा अपवाद कोणी केला एवढेच त्याला विचारावे. कोणी केला असेल, म्हणजे साहेबांनी खास शेरा मारून दाखला लवकर द्यायला लावला असेल, तर त्याचे म्हणणे खरोखरच बळकट होते; शेऱ्याशिवाय उशीर होतो हे त्यातून दिसते. कोणीही काही न करता दाखला आपसूक दोन दिवसांत मिळाला असेल, तर ते एक विरुद्ध उदाहरण आहे, आणि त्याला ‘कोणाचेच’ हा शब्द मागे घेऊन ‘पुष्कळांचे’ म्हणावे लागेल.